माथेरानची वाहनबंदी : शाश्वत पर्यटनवर्तन आणि श्रमाचे मूल्य (इ.स. १८५० ते २०२५)

सारांश

पर्यटकाने पर्यावरणाला जपून वागावे, यासाठी प्रबोधन करावे की नियम करावेत, हा पर्यटनाच्या अभ्यासातील नेहमीचा प्रश्न आहे. रायगड जिल्ह्यातील माथेरान या गिरिस्थानाच्या इतिहासात या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर सापडते. तेथे येणारा प्रत्येक पर्यटक मोटार मागे ठेवून पुढे जातो. हे वर्तन उपदेशातून घडलेले नसून भूरचना, रेल्वे, स्थानिक प्रशासन आणि कायदा यांच्या एकत्रित परिणामातून घडले आहे. मात्र या व्यवस्थेचा भार दीर्घकाळ हातरिक्षा ओढणाऱ्या श्रमिकांनी वाहिला. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : माथेरान, गिरिस्थान, वाहनबंदी, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, हातरिक्षा, शाश्वत पर्यटन.

प्रस्तावना

१९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने 'शाश्वत विकास' ही संकल्पना जगासमोर मांडली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध आणू नये, हा तिचा गाभा होय. पुढे ही संकल्पना पर्यटनालाही लागू करण्यात आली. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे वर्ष पर्यावरणस्नेही पर्यटनाचे, तर २०१७ हे वर्ष विकासासाठी शाश्वत पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले.

या विषयावरील बरेचसे लेखन पर्यटकाच्या मनोवृत्तीभोवती फिरते. २००८ मध्ये गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविसियस या अभ्यासकांनी अमेरिकेतील एका हॉटेलात केलेला प्रयोग या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. टॉवेल पुन्हा वापरावा यासाठी खोल्यांमध्ये वेगवेगळे फलक ठेवण्यात आले होते. केवळ पर्यावरण वाचविण्याचे आवाहन करणाऱ्या फलकाला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला, तर बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात असे सांगणाऱ्या फलकाला सुमारे ४४ टक्के प्रतिसाद मिळाला. इतरांचे वर्तन पाहून माणूस स्वतःचे वर्तन ठरवितो, हे त्यातून दिसून आले. तथापि, अधिक परिणामकारक फलकानंतरही निम्म्याहून अधिक पाहुणे पूर्वीप्रमाणेच वागले, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे.

माथेरानमध्ये मात्र मोटार न वापरण्याच्या बाबतीत हे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के आहे. तेथे पर्यटकाला विनंती केली जात नाही. दस्तुरी नाक्यावर रस्ताच संपतो. ही स्थिती कशी निर्माण झाली, ती कशी टिकली आणि तिची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर, २००३ ची केंद्र शासनाची अधिसूचना आणि सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडील आदेश यांतून स्पष्ट होणाऱ्या बाबींचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने विचार केला आहे.

गिरिस्थानाची स्थापना

माथेरान हे नाव 'माथ्यावरचे रान' या अर्थाचे मानले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील या डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर ठाकूर, कातकरी आणि धनगर यांचा वावर इंग्रजांच्या आगमनापूर्वीपासून होता. त्यामुळे माथेरानचा 'शोध' लागला असे म्हणणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते. मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून गेले आणि त्याच वर्षी पुन्हा येऊन त्यांनी तेथे वास्तव्याची तयारी केली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत या स्थानाच्या विकासाला शासकीय पाठबळ मिळाले. याच काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नेरळपर्यंत पोहोचली आणि मुंबईचा रहिवासी एका दिवसात माथेरानला पोहोचू लागला.

प्रारंभी येथे युरोपीय अधिकारी व व्यापारी येत असत. कालांतराने मुंबईतील पारशी, बोहरा, गुजराती आदी समाजांतील धनिकांनीही बंगले बांधले. १८७६ मध्ये सुरू झालेल्या रग्बी हॉटेलसारख्या संस्थांमुळे स्वतःचा बंगला नसलेल्यांचीही सोय झाली. पावसाळ्यापूर्वीचा उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचे दोन महिने हे येथील मुक्कामाचे हंगाम होते. मुक्काम अनेकदा काही आठवड्यांचा असे. दीर्घ मुक्काम करणाऱ्याला पाणी, सरपण, भाजीपाला आणि नोकरवर्ग यांचा हिशेब ठेवूनच राहावे लागे. आजच्या शनिवार-रविवारच्या पर्यटनाशी तुलना करताना हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

नेरळहून वर जाण्यासाठी घोडा, पालखी किंवा माणसांनी वाहून नेण्याची खुर्ची ही साधने होती. सामानाची ने-आण हमालांच्या डोक्यावरून होत असे. म्हणजे चाकाच्या वाहनाविना चालणारे गिरिस्थान ही माथेरानची ओळख मोटारीच्या आधीपासूनची आहे. त्याचबरोबर, पाहुण्याचा प्रवास दुसऱ्याच्या खांद्यावरून होण्याची रीतही तितकीच जुनी आहे.

रेल्वे : सोय आणि मर्यादा

माथेरानच्या इतिहासातील दुसरा टप्पा रेल्वेचा आहे. उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या आर्थिक पाठबळावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधला. सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा खर्च १६ लाख रुपये सांगितला जातो. १९०७ मध्ये हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. तत्पूर्वी १९०५ मध्ये माथेरानला नगरपालिका स्थापन झाली होती. अशा रीतीने दोन वर्षांच्या अंतराने स्थानिक प्रशासन आणि सार्वजनिक वाहतूक या दोन्ही व्यवस्था उभ्या राहिल्या.

या रेल्वेचे महत्त्व केवळ अभियांत्रिकीच्या कौशल्यात नाही. तीव्र चढ आणि असंख्य वळणे यांमुळे गाडीचा वेग अल्प राहिला. डबे लहान व मोजके असल्याने एका दिवसात वर जाऊ शकणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवर आपोआप मर्यादा आली. पावसाळ्यात दरडी व धूप यांमुळे नेरळकडील वाहतूक बंद ठेवण्याची प्रथा असल्याने डोंगराला वर्षातून काही महिने विश्रांती मिळाली. 'वहनक्षमता' ही संज्ञा पर्यटनाच्या अभ्यासात रूढ होण्यापूर्वीच रेल्वेच्या आसनसंख्येने ती माथेरानमध्ये प्रत्यक्षात आणली होती, असे म्हणता येईल. ही मर्यादा कोणी ठरवून घातलेली नव्हती, परंतु तिचा परिणाम वास्तव होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारीचा रस्ता झाला आणि हे चित्र बदलले. रेल्वेची आसने ही मर्यादा राहिली नाही. वाहनतळाची जागा हीच काय ती मर्यादा उरली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत लोहमार्गाची मोठी हानी झाली आणि तो २००७ मध्ये पूर्ववत झाला. २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर सेवा थांबविण्यात आली व संपूर्ण मार्गावर ती २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसात मार्ग पुन्हा वाहून गेला आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरमध्येच धावू शकली. अशा प्रत्येक खंडाच्या काळात टॅक्सी व खाजगी मोटारींवरील अवलंबित्व वाढणे अपरिहार्य होते. सार्वजनिक वाहतूक खंडित झाली की शाश्वत वर्तनाचा आधारही खचतो, हा या घटनाक्रमाचा बोध आहे.

वाहनबंदी : प्रथेकडून कायद्याकडे

मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबू लागल्या, तरी त्या तेथेच थांबतील याची शाश्वती केवळ प्रथेने मिळणारी नव्हती. महाबळेश्वरमध्ये मोटारीला प्रवेश मिळाल्यानंतर हंगामात होणारी कोंडी महाराष्ट्राला परिचित आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. परंतु तोपर्यंत तेथील पर्यटन मोटारीभोवती रचले गेले होते. माथेरानच्या बाबतीत कायद्याचे संरक्षण मोटार आत येण्यापूर्वी मिळाले, हा दोहोंतील निर्णायक फरक होय.

४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये माथेरान व सभोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. या क्षेत्राचे आकारमान सुमारे २१५ चौरस किलोमीटर आहे. खाणकाम, वृक्षतोड, तीव्र उतारावरील बांधकाम यांवर निर्बंध घालण्यात आले. क्षेत्रासाठी विभागीय बृहत् आराखडा आणि वहनक्षमतेवर आधारित पर्यटन आराखडा तयार करण्याची अपेक्षा व्यक्त करण्यात आली आणि देखरेखीसाठी संनियंत्रण समितीची तरतूद झाली. माथेरान नगरपरिषदेच्या हद्दीत रुग्णवाहिका व अग्निशामक वाहन यांसारखे अपवाद वगळता मोटार वाहतुकीस मनाई करण्यात आली.

या तरतुदीमुळे पर्यटकाच्या वर्तनात जो बदल घडतो त्याचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या पर्यटकासमोर अमन लॉजपासूनची शटल गाडी, घोडा आणि स्वतःचे पाय हे पर्याय असतात. आसपासचे सर्वजण चालत असल्याने चालणे हीच तेथील रीत ठरते. घाटात चालत्या मोटारीतून उतरायला नाखूश असलेला माणूस येथे तासन्‌तास पायी हिंडतो. हॉटेलातील प्रयोगाने दाखविलेली 'इतरांचे पाहून' वागण्याची प्रवृत्ती येथेही कार्य करते. मात्र ती नियमाच्या आधारावर उभी असल्याने अधिक टिकाऊ ठरते.

ज्या बाबतीत अशी रचना नाही, त्या बाबतीत तोच पर्यटक वेगळे वागतो. मोटार न आणणारा पर्यटक प्लास्टिकची बाटली मात्र दरीच्या कडेला टाकून जातो. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये राज्यभर प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. पण बाटली परत घेण्याची, पिण्याचे पाणी जागोजागी उपलब्ध करून देण्याची आणि कचरा डोंगराखाली नेण्याची व्यवस्था नसेल, तर बंदी कागदावर राहते. पाण्याचेही तसेच आहे. शार्लोट तलाव हा माथेरानच्या पाणीपुरवठ्याचा जुना आधार होय. वाढत्या वस्तीसाठी व पर्यटकांसाठी पायथ्याकडून पाणी वर चढवावे लागते. प्रत्येक बादलीमागे वीज खर्च होते, याची जाणीव हॉटेलच्या खोलीतील नळ देत नाही. व्यक्ती तीच असताना एका बाबतीत तिचे वर्तन शाश्वत व दुसऱ्या बाबतीत अशाश्वत का, याचे उत्तर तिच्या नीतिमत्तेत नसून भोवतालच्या व्यवस्थेत शोधावे लागते.

हातरिक्षा : व्यवस्थेची दडलेली किंमत

वाहनमुक्त गिरिस्थान म्हणून माथेरानचे कौतुक होत असताना एक प्रश्न दीर्घकाळ बाजूला राहिला. वृद्ध, आजारी, लहान मुले आणि चालू न इच्छिणारे पर्यटक यांना कोण वाहून नेत होते? पालखी व खुर्ची यांची जागा पुढे हातरिक्षेने घेतली. एक जण पुढून ओढणार आणि साथीदार मागून ढकलणार, अशी ही पद्धत होती. लाल मातीचा, दगडगोट्यांचा चढ-उताराचा रस्ता, उतारावर गाडी सावरण्याचे कष्ट आणि पावसाळ्यातील निसरड यांची कल्पना केली म्हणजे या श्रमाचे स्वरूप ध्यानात येते. परवानाधारक हातरिक्षांची संख्या ९४ होती. परंतु त्यांवर अवलंबून असलेली कुटुंबे त्याहून अधिक होती. चारशेहून अधिक घोडे आणि ते हाकणारे अश्वपाल हा रोजगाराचा दुसरा मोठा वर्ग होता.

येथे शाश्वततेच्या रूढ मांडणीतील उणीव उघड होते. मोटारीचा धूर टाळला गेला. परंतु तिची शक्ती मानवी शरीराकडून घेतली गेली. पर्यटकाच्या दृष्टीने हा प्रवास प्रदूषणरहित होता. ओढणाऱ्याच्या फुफ्फुसांवर, गुडघ्यांवर व पाठीवर पडणारा भार कोणत्याही पर्यावरणीय मोजमापात आला नाही. मोटार वाहतुकीवरील बंदीचा अर्थ यंत्रशक्तीच्या सर्व प्रकारांवर बंदी असा लावला गेल्याने, धूर न सोडणारे विजेवरील वाहनही अनेक वर्षे निषिद्ध राहिले. नियमाचा हेतू आणि नियमाची भाषा यांत पडलेल्या या अंतराची किंमत सर्वांत दुर्बल घटकाने मोजली.

हातरिक्षाचालकांनी संघटितपणे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर करण्यास अनुमती दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मोजक्या ई-रिक्षांसह प्रयोग सुरू झाला. शाळकरी मुले, ज्येष्ठ नागरिक व स्थानिक रहिवासी यांना त्याचा लाभ झाला. या प्रयोगाला विरोधही झाला. ई-रिक्षा आल्यास पुढे इतर वाहनांना वाट मोकळी होईल, ही एक भीती होती. अश्वपालांच्या उपजीविकेवर गदा येईल, ही दुसरी. या दोन्ही आक्षेपांना आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. न्यायालयानेही संख्येचे भान राखले आणि २०२४ मध्ये ई-रिक्षांची संख्या तूर्त २० पुरती मर्यादित ठेवून त्या हातरिक्षाचालकांनाच देण्याची भूमिका घेतली.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने या वादात महत्त्वाचा निर्णय दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत असल्याचे स्पष्ट करून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे निर्देश राज्य शासनाला देण्यात आले. हातरिक्षाचालकांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करावे, त्यासाठी गुजरातमधील केवडिया येथील योजनेचा आदर्श समोर ठेवावा आणि निधीच्या अभावाचे कारण पुढे करू नये, असेही न्यायालयाने म्हटले. दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य मार्गावर पेव्हर ब्लॉक बसविण्यास अनुमती मिळाली. अंतर्गत रस्ते व पायवाटा मात्र त्यातून वगळण्यात आल्या.

हा शेवटचा भेद विशेष अर्थपूर्ण आहे. माथेरानची लाल माती घोड्यांच्या टापांनी व पर्यटकांच्या पावलांनी मोकळी होते आणि पावसात वाहून जाते. ही धूप थांबविण्यासाठी मुख्य रस्ता बांधणे समर्थनीय ठरते. परंतु प्रत्येक पायवाट पक्की केली तर वाहनांसाठी मार्ग आपसूक तयार होतो. ज्या ठिकाणी श्रमाचा भार आहे तेथे यंत्राला वाव आणि ज्या ठिकाणी चालण्याचा आनंद आहे तेथे मातीची वाट कायम, अशी विभागणी या निर्णयात दिसते.

पाहुणचार आणि विश्वास

शाश्वत वर्तनाचा विचार करताना यजमानाचे वर्तन विसरून चालत नाही. दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या नवख्या पर्यटकाला अंतर, दर आणि उपलब्ध साधने यांची अचूक माहिती मिळाली नाही, तर चालण्याऐवजी तो सांगेल ते साधन घेतो. अशा दिशाभुलीच्या तक्रारींवरून मार्च २०२५ मध्ये माथेरानच्या नागरिकांनी व व्यावसायिकांनी बंद पुकारला होता. शटल गाडीच्या वेळा, घोड्यांचे अधिकृत दर आणि पायी लागणारा वेळ दर्शविणारा ठळक फलक ही साधी बाब आहे; परंतु पर्यटकाचा निर्णय त्यावरच ठरतो. माहिती दडविली गेल्यास वाहनबंदी ही पर्यटकाला अडचण वाटू लागते आणि एका चांगल्या नियमाविषयीची जनमानसातील सहानुभूती ओसरते.

निष्कर्ष

माथेरानच्या १७५ वर्षांच्या वाटचालीवरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पर्यटकाचे शाश्वत वर्तन हे मुख्यत्वे व्यवस्थेचे अपत्य असते. माथेरानमध्ये भूरचना, नगरपालिका, रेल्वे आणि २००३ ची अधिसूचना या क्रमाने ही व्यवस्था घडली. प्रबोधनाचे स्थान तिला पूरक असे आहे.

२) संरक्षक नियम वेळेवर झाला तरच तो परिणामकारक ठरतो. मोटारीवर आधारलेले हितसंबंध निर्माण होण्यापूर्वी माथेरानला संरक्षण मिळाले.

३) एका बाबतीतील यश दुसऱ्या बाबतीत आपोआप पसरत नाही. कचरा व पाणी यांसाठी वाहतुकीइतकीच ठोस यंत्रणा उभारावी लागते.

४) सार्वजनिक वाहतुकीचे सातत्य हा शाश्वत पर्यटनाचा कणा आहे. लोहमार्गाची डागडुजी हा केवळ वारसा जतनाचा विषय नाही.

५) पर्यावरणपूरक व्यवस्थेचे मूल्यमापन करताना तिचा भार कोणावर पडतो हे तपासलेच पाहिजे. मानवी श्रमाचे शोषण करून साधलेली हरितता शाश्वत म्हणता येणार नाही.

यांपैकी पाचवा निष्कर्ष सर्वाधिक महत्त्वाचा आहे. माथेरानच्या वाहनबंदीने डोंगर, झाडी आणि शांतता राखली, हे तिचे ऋण निर्विवाद आहे. परंतु डोंगरावरील झाडाला मिळालेले कायद्याचे संरक्षण त्याच डोंगरावर रिक्षा ओढणाऱ्या माणसापर्यंत पोहोचण्यास २००३ पासून २०२५ पर्यंतचा काळ जावा लागला. यापुढे कोणत्याही पर्यटनस्थळासाठी नियम करताना झाड आणि माणूस यांचा विचार एकाच अधिसूचनेत व्हावा, ही अपेक्षा या इतिहासातून पुढे येते. हातरिक्षाचालकांचे पुनर्वसन किती पूर्णत्वाने होते आणि अश्वपालांना त्या व्यवस्थेत कोणते स्थान मिळते, यावरच माथेरानचे शाश्वतपण यापुढे पारखले जाईल.